ताटाची धास्ती आणि खिडकीतला धूर

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४१. मुलगी तेरा वर्षांची आहे, धाकटा मुलगा आठ वर्षांचा. माझे वडील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. निदान झालं तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. तेव्हापासून खाण्याबद्दलची एकही बातमी माझ्या नजरेतून सुटत नाही. अमक्याने कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, तमक्याने हृदय चांगलं राहतं, आणि सहा महिन्यांनी नेमकं उलटं छापून येतं. एकेक करत मी घरातले बरेच पदार्थ बंद केले. आता जेवायला बसलं की वाद होतात. यजमान म्हणतात, हा सगळा आकड्यांचा खेळ आहे, प्रयोगशाळेत काही सिद्ध झालेलं नसतं, लोकांना प्रश्न विचारून केलेल्या पाहण्या असतात नुसत्या. त्यांचे आजोबा शेवटपर्यंत सिगारेट ओढत होते आणि ८८ वर्षं जगले, हे ते दर वेळी ऐकवतात. (ते स्वतःही ओढतात, पण गॅलरीत जाऊन.) लोकांच्या नोंदींवरून आजारांची कारणं शोधणाऱ्या या साथरोगशास्त्रावर विश्वास ठेवायचा की नाही? नक्की कोणते पदार्थ बंद करू, ते एकदाचं सांगा.

ता. क. आमचं घर मोठ्या रस्त्याला लागून आहे. खिडकीच्या कडेवर रोज काळी पूड बसते. धाकट्याला दमा आहे. इमारतीत गेल्या काही वर्षांत तिघांना कर्करोग झाला. याचा काही संबंध असेल का?

– काळजीत पडलेली आई

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मजकूर तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी टाकला आहे. त्याखालोखाल महत्त्वाची गोष्ट, म्हणजे निदानाच्या वेळचं वडिलांचं वय, जाता जाता सांगितली आहे. मधली सगळी जागा पदार्थांनी व्यापली आहे. तुमची काळजी खोटी नाही, पण तिची वाटणी उलटी झाली आहे. पदार्थांच्या यादीचं उत्तर देते, पण जरा थांबा. आधी तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दल बोलू.

आईवडील किंवा सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्या व्यक्तीला तो होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ. ज्या १८ टक्क्यांनी तुमची झोप उडवली, त्यांच्या कितीतरी पुढे. तुमच्या वडिलांचं निदान साठीच्या आत झालं. अशा कुटुंबातल्या मुलांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा नातेवाइकाचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (कॅमेरा लावलेल्या नळीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. तुम्ही ४१ च्या आहात. म्हणजे तुमची वेळ आली आहे. हा कर्करोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठीपासून, पॉलिपपासून, सुरू होतो. त्या गाठीचा कर्करोग व्हायला सहसा बरीच वर्षं लागतात आणि तपासणीत ती दिसली तर तिथल्या तिथे काढून टाकता येते. या महिन्यात पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. भावंडं असतील तर त्यांनाही सांगा.

हा सल्ला कुठून आला? असंख्य कुटुंबांतल्या आजारांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून, कुणाला कितव्या वर्षी काय झालं याची तुलना करून. म्हणजे यजमान ज्याला आकड्यांचा खेळ म्हणतात, त्याच शास्त्रातून. म्हणूनच ‘साथरोगशास्त्रावर विश्वास ठेवू का’ असा सरसकट प्रश्न विचारून भागत नाही. तो प्रत्येक निष्कर्षाला स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

तुम्ही वाचलेले १८ टक्के बहुधा २०१५ सालचे असावेत. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बोलावलेल्या २२ तज्ज्ञांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासले. मीठ लावून, धुरी देऊन किंवा रसायनं घालून टिकवलेल्या मांसामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि हे मांस पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत धोका १८ टक्क्यांनी जास्त, असा आकडा सोबत आला. तंबाखूही पहिल्याच गटात आहे, त्यामुळे दोन्ही सारखेच घातक असल्याच्या बातम्या झाल्या. पण हे गट पुराव्याच्या पक्केपणावरून पाडलेले असतात. अमुक गोष्टीमुळे कर्करोग होतो याची खात्री किती, एवढंच गट सांगतो. किती जणांना होतो, ते सांगत नाही. त्याच संस्थेने त्या वेळी उद्धृत केलेले जगभरातले अंदाज शेजारी ठेवून पाहा: टिकवलेलं मांस भरपूर असलेल्या आहारामुळे वर्षाला सुमारे ३४,००० कर्करोगमृत्यू, हवेच्या प्रदूषणामुळे २ लाखांहून जास्त, मद्यामुळे सुमारे ६ लाख आणि तंबाखूमुळे सुमारे १० लाख.

आणि १८ टक्के कितीवर? समजा, १०० माणसांपैकी ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार व्हायचा आहे. त्या सगळ्यांनी रोज ५० ग्रॅम टिकवलेलं मांस खाल्लं, तर ५ चे जवळजवळ ६ होतील. शंभरात एक माणूस वाढला. ही वाढ खरी आहे, आणि लाखो लोकांच्या देशात ती मोठी होते. पण महिन्यातून एखाद्या वेळी ताटात आलेल्या तुकड्यावरून मुलांना रडवण्याइतकी ती नाही. बातमीत ‘इतक्या टक्क्यांनी वाढ’ दिसली की आधी ‘कितीवरून’ ते शोधा. बातमीत ते दिलेलं नसेल तर त्या टक्क्यांवरून काहीच ठरवू नका.

आता यजमानांच्या आक्षेपाकडे वळते, कारण तो विचारण्याजोगा आहे. प्रयोगशाळेत सिद्ध न होता माणसांच्या नुसत्या नोंदींवरून कारण कळतं का?

१८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला होता. जॉन स्नो या डॉक्टरचं म्हणणं होतं की आजार पाण्यातून येतो. बहुतेक जाणकार तेव्हा दूषित हवेला दोष देत होते. कॉलऱ्याचा जिवाणू डॉक्टरांच्या जगाला माहीत व्हायला अजून तीस वर्षं होती. दक्षिण लंडनच्या बऱ्याच गल्ल्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी गेले होते. एका कंपनीने दोन वर्षांपूर्वी आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेलं होतं. दुसरी अजून शहराच्या घाणीतूनच पाणी घेत होती. स्नोने मृत्यू झालेली घरं शोधून तिथे कुठल्या कंपनीचं पाणी येतं ते नोंदवलं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू होते. दुसरीच्या दर १०,००० घरांमागे ३७.

या आकड्यांची ताकद फरकाच्या आकारात आहेच, पण त्याहून जास्त आणखी एका गोष्टीत आहे. आपल्याला कुठलं पाणी मिळावं हे त्या घरांनी आपल्या आवडीने किंवा तब्येतीकडे बघून निवडलं नव्हतं. एकाच गल्लीत, एकाच हवेत, सारख्याच परिस्थितीतली माणसं राहत होती. श्रीमंत, जपून राहणारे एका बाजूला आणि गरीब, बेफिकीर दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी झालेली नव्हती. दोन गटांत ठळक फरक होता तो पाण्याचा. लोकांवर प्रयोग न करताही प्रयोगाइतकी स्वच्छ तुलना स्नोच्या हाती लागली होती.

अन्नाच्या अभ्यासात नेमकी हीच सोय नसते. काय खायचं ते माणूस स्वतः ठरवतो, आणि जो विचारपूर्वक खातो तो सहसा व्यायाम करतो, वेळेवर झोपतो, तपासण्या करून घेतो, त्याच्या हातात पैसाही थोडा अधिक असतो. मग त्याचं आयुष्य वाढलं ते भाजीने, चालण्याने की पैशाने? संशोधक गणिताने हे धागे वेगळे करायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलंच नाही ते गणितातून वजा होत नाही. शिवाय मोजमापही कच्चं. ‘गेल्या वर्षभरात हा पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाल्ला?’ असे शेकडो प्रश्न असलेली प्रश्नावली भरून घेतात. कुणाला आठवतं ते? बहुतेक माणसं प्रत्यक्षापेक्षा कमी खाल्ल्याचं सांगतात, आणि हे मुद्दाम होत नाही. हवा, पाणी किंवा रक्तातलं शिसं यंत्र मोजतं. ताट मात्र आठवणीने मोजावं लागतं.

यातून किती मोठी चूक होऊ शकते, याचं एक उदाहरण तुम्हाला माहीत असावं असं मला फार वाटतं. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना आणि ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन हे फळं-भाज्यांतलं द्रव्य जास्त आहे त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं अनेक निरीक्षणांत दिसलं होतं. मग हेच द्रव्य गोळीतून द्यावं, असा विचार पुढे आला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि काहींना बीटा कॅरोटीन दिलं, काहींना दिलं नाही. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत अशीच चाचणी चालू होती. तिथेही गोळी घेणाऱ्या गटात कर्करोग आणि मृत्यू दोन्ही वाढलेले दिसले आणि १९९६ च्या जानेवारीत ती मुदतीआधी थांबवावी लागली. भाज्या खाणारे कमी आजारी पडत होते हे खरंच होतं. त्याचं श्रेय त्या एका द्रव्याला देणं चुकलं होतं.

कॉफीचंही तसंच. १९८१ साली एका नावाजलेल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. तुलनेसाठी घेतलेले रुग्ण त्याच डॉक्टरांचे होते, त्यांतले बरेच जण पोटाच्या इतर तक्रारी घेऊन आलेले. ज्याचं पोट दुखतं तो कॉफी आधीच कमी करतो. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांची कॉफी उगाच जास्त वाटली. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. बातम्या दर सहा महिन्यांनी उलटतात त्यामागे बऱ्याचदा असंच काही असतं. २०१३ साली दोन संशोधकांनी पाककृतींच्या एका पुस्तकातून ५० घटक निवडले आणि प्रत्येकाचा कर्करोगाशी संबंध तपासलेले लेख शोधले. ५० पैकी ४० घटकांवर असे लेख सापडले, आणि बहुतेक लेखांत धोका वाढल्याचं किंवा कमी झाल्याचं म्हटलं होतं. सगळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर परिणाम फारच थोडा उरत होता. एका अभ्यासाची बातमी वाचून स्वयंपाकघर बदलायचं नाही, एवढं यातून नक्की घ्या.

पण यजमानांनी यावर लगेच मान डोलावू नये. अन्नाबद्दलचं सगळंच कच्चं असतं असं नाही. वेगवेगळ्या पद्धतींचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा निष्कर्ष पक्का होतो. ट्रान्स फॅटचं, म्हणजे वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलांतल्या चरबीचं, तसं झालं. १९९० मध्ये लोकांना ठरवून दिलेला आहार खाऊ घातल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढताना आणि चांगलं घटताना दिसलं. १९९३ मध्ये हजारो परिचारिकांच्या दीर्घकाळच्या नोंदींत हृदयविकार वाढलेला आढळला. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचंही तसंच. आधीचं बाळ मज्जारज्जूच्या व्यंगाने गेलेल्या किंवा त्या व्यंगासह जन्मलेल्या स्त्रियांना पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून ते दिलं, तेव्हा पुन्हा व्यंग होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. हा १९९१ चा निकाल. तुमच्या मुलीला पुढे कधी या गोळ्या दिल्या जातील तेव्हा त्यामागे हेच काम असेल.

आता तुमच्या ताज्या कलमाकडे येते. हवेच्या अभ्यासांना मी एकेका पदार्थाच्या अभ्यासांपेक्षा जास्त वजन देते, आणि कारण वर आलंच आहे. आपल्या शहराच्या हवेत धूर किती असावा हे कुणी आवडीने ठरवत नाही. तो यंत्राने मोजता येतो. आणि कधी कधी तो अचानक थांबतो किंवा वाढतो, तेव्हा स्नोला मिळाली तशी तुलना पुन्हा मिळते.

अमेरिकेत सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं पाठपुरावा केला गेला. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: धूम्रपान, वजन, शिक्षण आणि कामधंदा यांचा हिशेब केल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त. उद्योगांनी त्यावर हरकत घेतली. मूळ माहिती त्रयस्थांकडे देऊन सगळं गणित पुन्हा करून घेतलं आणि २००० साली निष्कर्ष तोच निघाला. पुढे त्या शहरांतली हवा सुधारत गेली तसं मृत्यूचं प्रमाणही उतरलं.

यूटा राज्यातल्या एका खोऱ्यात पोलादाचा कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत कामगारांच्या वादामुळे बंद होता. माणसं तीच, डॉक्टर तेच, मधला फक्त एक हिवाळा धुराशिवाय गेला. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या त्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. डब्लिनमध्ये १९९० साली धूर करणाऱ्या कोळशाची विक्री बंद झाली आणि श्वसनविकारांचे मृत्यू घटले. तिथे हृदयविकाराचे मृत्यूही बंदीमुळेच घटल्याचं आधी वाटलं होतं. नंतरच्या काटेकोर फेरतपासणीत श्वसनाचा फायदा टिकला, हृदयाचा टिकला नाही, कारण हृदयविकाराचे मृत्यू इतरत्रही उतरतच होते. स्वतःचेच आकडे पुन्हा तपासून दावा लहान करणारं हे शास्त्र मला म्हणूनच विश्वासार्ह वाटतं.

तुमच्या धाकट्यासाठी सर्वांत जवळचं काम दक्षिण कॅलिफोर्नियातलं आहे. तिथे ११ ते १५ या वयातल्या २,१२० मुलांची फुप्फुसं तीन वेगवेगळ्या काळांत मोजली. १९९४ ते १९९८ च्या गटात वयाच्या पंधराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांच्या फुप्फुसांची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. २००७ ते २०११ च्या गटात, हवा सुधारल्यावर, हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. दमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मुलांत सुधारणा दिसली. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. फुप्फुसं वाढण्याची बरीच वर्षं त्याच्या हातात आहेत.

यजमान म्हणतील, धुराचा धोका एकेका माणसाला थोडाच असतो. बरोबर आहे. सिगारेटच्या तुलनेत तो थोडाच आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली याचं मर्म सांगितलं: मोठा धोका असलेल्या मोजक्या माणसांपेक्षा थोडा धोका असलेल्या असंख्य माणसांतून जास्त रुग्ण येऊ शकतात. मांस न खाणारा असतो, न पिणारा असतो, श्वास न घेणारा कुणी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरीची शिफारस घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली ती याच पुराव्यामुळे.

आणि आता आजोबा. ते ८८ वर्षं जगले याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्याबरोबर सिगारेट ओढणारे आणि साठीत गेलेले मित्र आज वाद घालायला कुणाच्या घरात नाहीत. ही उणीव भरून काढायला सगळ्यांची नोंद ठेवावी लागते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांची अशी नोंद ठेवली, आणि ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा ५० वर्षं चालला. आयुष्यभर ओढत राहिलेले न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. चाळिशीत सोडणाऱ्यांनी त्यांतली सुमारे ९ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६, साठीत सोडणाऱ्यांनी ३. हे वाक्य मी यजमानांसाठी लिहीत आहे. भाऊ, यातली कुठलीही ओळ तुमच्यासाठी उशिराची नाही. गॅलरीतला धूर दारातून घरात येतो, कपड्यांवर बसून येतो, आणि घरात दम्याचं मूल आहे. एकट्याने सोडणं अवघड असतं. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या, औषधं आणि समुपदेशन यांनी सोडता येण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांकडे त्यासाठी जाण्यात कमीपणा मानू नका.

इमारतीतल्या तिघांबद्दल थोडक्यात. जगभरात आयुष्यात साधारण दर पाच माणसांमागे एकाला कर्करोग होतो, त्यामुळे वस्तीत वयस्क लोक असतील तर तीन रुग्ण योगायोगानेही दिसतात. संशय कधी घ्यावा? तिघांचा कर्करोग एकाच प्रकारचा असेल, तो प्रकार दुर्मीळ असेल किंवा त्या वयात सहसा होत नसेल तर. १९७१ साली बॉस्टनमध्ये तरुण मुलींत योनिमार्गाचा अत्यंत विरळा कर्करोग सापडला. रुग्ण आठच होते. पण त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस हे एकच औषध घेतल्याचं कळलं आणि कारण सापडलं. तिघांना काय झालं होतं ते विचारा. तिघांचे तीन वेगळे प्रकार असतील, तर मनावरचं हे ओझं उतरवून ठेवा.

तर पदार्थांची यादी. टिकवलेलं मांस क्वचित. मद्य घेत असाल तर जितकं कमी तितकं चांगलं, कर्करोगाच्या बाबतीत त्याची सुरक्षित पातळी दाखवता आलेली नाही. कोंडा न काढलेली धान्यं आणि तंतुमय पदार्थ वाढवा, मोठ्या आतड्यासाठी त्यांचा पुरावा बरा आहे. व्यायामाचाही तसाच. पूरक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. एवढंच. बाकी बातम्या वाचून बंद केलेलं सगळं ताटात परत येऊ द्या. हे मी मुलीसाठीही म्हणते. तेरा वर्षांच्या मुलीने रोज जेवताना अन्नाची भीती ऐकणं चांगलं नाही. या वयात खाण्याशी वैर जडलं तर ते सोडवायला फार कष्ट पडतात.

जो वेळ आणि जी ताकद यातून मोकळी होईल ती धाकट्याकडे वळवा. दम्याचा रोजचा प्रतिबंधक पंप दिला असेल तर त्रास नसतानाही तो चुकवू नका. तंत्र बरोबर आहे का ते डॉक्टरांपुढे दाखवून तपासून घ्या, बऱ्याच मुलांचं औषध घशातच राहतं. रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद आणि रहदारी ओसरल्यावर उघडी ठेवा. त्याला झोपायला मागची खोली द्या. वाहनांचा धूर रस्त्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत झपाट्याने विरळ होतो, म्हणून शाळेत जायला आतली गल्ली लांबची पडली तरी चालेल. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर हेपा गाळणीचं घ्या. ते कण अडवतं, सगळे वायू अडवत नाही. ओझोन सोडणारं यंत्र दम्याच्या मुलाच्या खोलीत अजिबात नको.

रोज चार गोष्टी वहीत लिहा: रात्री खोकला आला का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, खेळताना धाप लागली का, त्या दिवशी रस्त्यावर काय चालू होतं. एका मुलाच्या वहीने शास्त्र सिद्ध होत नाही, पण औषधाचं प्रमाण ठरवायला डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

आणि रस्त्याचं काय? तो तुम्हाला एकटीला बंद करता येणार नाही. इमारतीतल्या इतर पालकांना बरोबर घ्या. हवा मोजण्याचं सर्वांत जवळचं केंद्र कुठे आहे, ते रस्त्यापासून किती दूर आहे आणि पीएम २.५ व नायट्रोजन डायऑक्साइड यांची गेल्या तीन वर्षांची सरासरी किती, हे प्रदूषणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला लेखी विचारा. केंद्र दूर असेल तर शाळेजवळ मोजणी मागा. अवजड वाहनांच्या वेळा शाळेच्या वेळेबाहेर ठेवण्याची मागणी त्याच पत्रात करा. उत्तर आलं की आकडे मला पाठवा, वाचायला मी मदत करीन.